आकडा उतरला म्हणजे रोग गेला काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्याचे आयुष्य मुलांच्या गुणपत्रिका लिहिण्यात गेले, अशा केवळ मॅट्रिक झालेल्या शिक्षकाने वैद्यकीय विषयावर बोलावे, हे काहींस धारिष्ट्याचे वाटेल. परंतु मी येथे जाणकार म्हणून नव्हे, तर रोगी म्हणून उभा आहे. १९८७ साली एका शस्त्रक्रियेच्या वेळी मला दोन बाटल्या रक्त देण्यात आले. त्या रक्तावाटे ‘हेपॅटायटिस सी’चा विषाणू माझ्या शरीरात आला असावा, असा डॉक्टरांचा कयास आहे. यात दोष कोणाचाच नाही. कारण त्या विषाणूचा शोधच मुळी १९८९ साली लागला. पुढे बत्तीस वर्षे तो माझ्या यकृतात मुकाट्याने राहिला आणि २०१९ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या रक्ततपासणीत उघडकीस आला.

त्या वेळी माझा ‘एस.जी.पी.टी.’ १०८ होता. चाळीसच्या आत असावयास हवा, असे कागदावर छापलेले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात या एका आकड्याखेरीज दुसरा विषय उरला नाही. म्हणून हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी. ही यकृताच्या पेशींत असणारी एन्झाईम, म्हणजेच विकरे होत. अलीकडे त्यांस अनुक्रमे ए.एल.टी. व ए.एस.टी. असे म्हणतात. पेशीस इजा झाली म्हणजे ती पाझरून रक्तात उतरतात. तेव्हा हा आकडा यकृतास सध्या किती इजा होत आहे, याची खूण आहे. विषाणू किती आहेत, हे तो सांगत नाही. आणि यकृत आजवर किती निबर झाले, हेही सांगत नाही. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे असे अनुमान करावे. परंतु धूर दिसत नाही म्हणून राखेखाली निखारा नाहीच, असे मात्र समजू नये. या रोगाच्या कित्येक रोग्यांचा आकडा चाळीसच्या आत असूनही यकृत आतून झिजत असते.

उपचार म्हणजे रोज एक-दोन गोळ्या, सामान्यतः बारा आठवडे. यकृत अगोदरच निबर झाले असेल, तर काहींस अधिक काळ. गोळ्या सुरू झाल्या की बहुधा महिनाभरातच आकडा झपाट्याने उतरतो. माझाही चौथ्या आठवड्यात ३४ झाला. घरी पेढे आले. आणि नेमका येथेच धोका आहे.

माझ्या एका आतेभावांचा आकडा असाच पाचव्या आठवड्यात उतरला. “रोग गेला, आता उष्ण गोळ्या कशाला?” असे म्हणून त्यांनी औषध सोडले. मीच त्या वेळी त्यांचे अभिनंदन केले होते, याची खंत मला आजही आहे. दोन वर्षांनी पोटात पाणी झाले, तेव्हा विषाणू पुन्हा बळावल्याचे कळले. दुसऱ्या, अधिक मुदतीच्या उपचाराने विषाणू गेला. परंतु निबर झालेले यकृत काही पूर्ववत झाले नाही. घटक चाचणीत चांगले गुण मिळाले म्हणून वार्षिक परीक्षेस न बसणारा विद्यार्थी आणि ते, यांत काय अंतर?

याउलट, आकडा किंचित वाढला म्हणून धीर सोडणेही योग्य नव्हे. आठव्या आठवड्यात माझा आकडा ५२ झाला. गोळ्याच बाधल्या, असा घरच्यांचा निष्कर्ष. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “गुरुजी, आणखी काही घेता काय?” तेव्हा एका परिचिताने दिलेले काविळीचे झाडपाल्याचे औषध चोरून घेत असल्याचे मला कबूल करावे लागले. ते बंद केले, आकडा उतरला. मद्य, यकृतातील चरबी, इतर औषधे यांनीही आकडा वाढतो. ‘हेपॅटायटिस बी’ अंगात दबून असेल, तर या उपचारात तो उसळू शकतो; म्हणून त्याची तपासणी आधीच करतात. मात्र आकडा अनेक पटींनी चढला, किंवा डोळे पिवळे झाले, उलट्या किंवा अतिशय अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. औषध थांबविण्याचा निर्णय त्यांचा, आपला नव्हे.

मग वार्षिक परीक्षा कोणती? औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणूचा ‘आर.एन.ए.’ आहे की नाही, हे पाहतात. तो आढळला नाही, म्हणजे रोग बरा झाला. माझा आढळला नाही. शेकडा नव्वदांहून अधिक रोगी असे बरे होतात. ‘अँटीबॉडी’ची तपासणी मात्र बरे झाल्यावरही सहसा ‘पॉझिटिव्ह’च येत राहते, ती केवळ जुन्या लढाईची नोंद होय. तसेच ज्यांचे यकृत निबर झाले आहे, त्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. कारण कर्करोगाचे भय पूर्णपणे टळत नाही.

शेवटी एक कबुली. हे सारे मी ज्ञातीपासून लपविले. कारण घरात मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. हा रोग एका पंक्तीत जेवल्याने, हातात हात दिल्याने होत नाही. तो रक्तावाटे पसरतो. मी मोकळेपणाने बोललो असतो, तर आतेभावांस वेळीच दोन शब्द सांगणारा कोणी भेटला असता. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध विनामूल्य मिळते. ज्यांनी पूर्वी रक्त घेतले असेल, त्यांनी एकदा तपासून घ्यावे. आणि ज्यांचे औषध चालू आहे, त्यांनी आकड्याकडे लक्ष ठेवावे, पण शेवटची गोळी संपेपर्यंत त्याच्यावर विसंबू नये.