मीठ, मज्जासंस्था आणि नागपूरचा उन्हाळा

(मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण व त्यांचे आप्त यांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधोपचारावर बोलण्याचा अधिकार मला नाही. तथापि आकडे वाचण्यात हयात गेली आहे, आणि मिठाने हा आजार बळावतो काय, हा प्रश्न बराचसा आकडे नीट वाचण्याचाच आहे.

एका मे महिन्यात एक गृहस्थ पत्नीसह हिशेब विभागात आले. खिशात वर्तमानपत्राचे कात्रण होते. घरी तीन आठवडे अळणी स्वयंपाक चालू होता. आता मीठच बंद केले, तेव्हा इंजेक्शनची पुढची मात्रा रद्द करून आगाऊ भरलेली रक्कम परत मिळावी, असा त्यांचा अर्ज होता. बाई मात्र खुर्चीतच ग्लानीत जात होत्या. अर्ज बाजूला ठेवून त्यांना आधी वॉर्डात नेले. घाम, भरपूर पाणी आणि मीठ नाही; रक्तातील सोडियम बरेच उतरले होते.

त्या कात्रणाचे मूळ 2013 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. मज्जातंतूंवरील मायेलिनच्या आवरणावर हल्ला करणाऱ्या एका प्रकारच्या पेशी जादा मिठामुळे वाढतात, असे प्रयोगशाळेत आढळले. अतिखारट आहार दिलेल्या उंदरांमध्ये या आजारासारखी व्याधी अधिक तीव्र झाली. परंतु त्यांच्या खाद्यात 4 टक्के मीठ होते आणि पिण्याच्या पाण्यातही 1 टक्का. म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे दोन चमचे!

त्यानंतर अर्जेंटिनात 70 रुग्णांची दोन वर्षे पाहणी झाली. अधिक मीठ खाणाऱ्यांत आजाराचे झटके अधिक दिसले आणि भीती पसरली. पुढे 2017 मध्ये 465 रुग्णांच्या पाच वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. लघवीतील सोडियम वारंवार मोजूनही मिठाचा आणि आजाराच्या वाटचालीचा संबंध त्यात आढळला नाही. या बातमीचे कात्रण मात्र कोणी खिशात ठेवत नाही. पहिल्या तिमाहीच्या शिलकीवर वर्षाचा ताळेबंद मांडू नये, हे आम्ही नव्या कारकुनालाही शिकवतो.

मग रुग्णांना जो अनुभव येतो तो खोटा का? मुळीच नाही. मे महिन्यातले लग्न, पंगतीत लोणचे-पापड, दुपारी उन्हातून परतणे आणि घरी येताच पाय लटपटणे, दृष्टी अंधुक होणे. दोष लोणच्याला दिला जातो. वास्तविक शरीराचे तापमान वाढले की या आजाराची जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्येच ही गोष्ट नोंदवली होती. गारव्यात विसावले की बहुधा ती ओसरतात. त्रास चोवीस तासांहून अधिक टिकला तर मात्र डॉक्टरांना कळवावे. पारा 45 अंशांवर चढणाऱ्या आपल्या शहरात, माझ्या मते, कुलरची दुरुस्ती हे मीठ तोलण्यापेक्षा निकडीचे पथ्य आहे.

याचा अर्थ मीठ मनसोक्त खावे असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराच्या आतच आहे. आपण भारतीय सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास खातो. रक्तदाबासाठी ते कमी करणे सर्वांच्याच हिताचे. ठेचा, कुरडया, पापड, शेव-चिवडा यांपासून आरंभ करावा. सैंधव हेही मुख्यतः सोडियमचेच मीठ आहे. 'ते चालते' हा समज सोडावा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

त्या बाई चार दिवसांत सावरल्या. त्यांचा अर्ज मी पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की त्यात मिठापेक्षा पैशाचा प्रश्न मोठा होता. इंजेक्शनचा खर्च पेलवेना, म्हणून मिठावर विश्वास बसला होता. हे मला पहिल्याच वाचनात उमगायला हवे होते. धर्मादाय रुग्णालयांसाठी 2006 पासून लागू असलेल्या योजनेत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांकरिता प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव आहेत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. तेव्हा मात्रा थांबवण्याचा विचार मनात आल्यास तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन आधी आमच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. ते नसतील तर माझ्या खोलीचे दार उघडे असते.