विजेची शेगडी आणि घराची तयारी



सिलिंडरची टंचाई झाली किंवा भाव चढला, की गृहिणींना विजेच्या शेगडीचा उपदेश सुरू होतो. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो, आणि तो मुख्यतः आखाती राष्ट्रांतून येतो. त्यामुळे या पर्यायाचा विचार अगत्याचा आहे. परंतु त्यासाठी श्रमिकाच्या घराची तयारी कितपत आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

इंडक्शन शेगडीत उष्णता कमी वाया जाते. १४.२ किलोंच्या सिलिंडरचे काम साधारणतः १२० युनिट विजेत होते. मात्र महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढील प्रत्येक युनिट बरेच महाग पडते. महिना ८० युनिटांत भागवणारे घर शेगडी येताच त्या टप्प्यात ढकलले जाते आणि बचतीचा हिशेब डळमळतो.

दुसरी अडचण तारांची. पाच अँपिअरच्या प्लगमधून सुमारे ११०० वॉटच निर्धोकपणे घेता येतात. शेगडी २००० वॉटपर्यंत मागते. जुन्या चाळीतील जीर्ण वायरिंगवर हा भार टाकणे म्हणजे आगीला निमंत्रण. भाडेकरूच्या नावावर तर मीटरही नसतो. वाढीव भार मंजूर करून घेणे मालकाच्या मर्जीवर. शिवाय ज्याला चुंबक चिकटत नाही, ते ॲल्युमिनियमचे पातेले या शेगडीवर निरुपयोगी ठरते. दिवे जाताच स्वयंपाक थांबतो, तो वेगळाच.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. जोडण्या घरोघर पोहोचल्या. पण सिलिंडर पुन्हा भरून घेणे न परवडल्याने असंख्य स्त्रिया चुलीच्या धुराकडे परतल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये २० लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर झाला. साधन दिले, पण ते रोज वापरण्याची ऐपत दिली नाही, तर उज्ज्वलाचीच पुनरावृत्ती होईल.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: स्वयंपाकाच्या विजेला सवलतीचा स्वतंत्र दर, वायरिंगची विनामूल्य तपासणी व दुरुस्ती, भाडेकरूला स्वतःचा मीटर, आणि या गोष्टी होईपर्यंत परवडणारा गॅस. १९७० च्या दशकातील महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघराचा प्रश्न हा राजकीय प्रश्न असल्याचे सिद्ध झाले. कार्यकर्त्यांनी आता आपापल्या वस्तीत घरोघर जाऊन प्लग, मीटर आणि वीजबिल यांची नोंद करावी. मोर्चाच्या निवेदनाला बळ येईल ते त्या नोंदींतूनच.