खांद्याचे दुखणे आणि इंजेक्शनची घाई
(अण्णा नगर, चेन्नई येथील भाषण)



येथून जवळच पेरांबूरला 1955 पासून रेल्वेचे डबे तयार होत आहेत. हात वर करून पाना फिरवणारा कामगार असो वा टपालाच्या थैल्या उचलणारा, खांद्याच्या पुढच्या बाजूस येणारी कळ दोघांच्याही परिचयाची आहे. दंडाच्या स्नायूची लांब कंडरा खांद्यातील अरुंद खाचेतून जाते. सतत घासून ती सुजते.

अशा वेळी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने सूज उतरते. पण आराम बहुधा काही आठवड्यांचाच. झिजलेली कंडरा त्याने दुरुस्त होत नाही. औषध कंडरेभोवतीच्या आवरणात पडावे लागते. कंडरेतच गेले तर ती तुटण्याचा धोका वाढतो. म्हणून सोनोग्राफीत पाहून दिलेले इंजेक्शन अधिक खात्रीचे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण रक्तातील साखर काही दिवस चढते.

इंजेक्शन देऊन दुसऱ्याच दिवशी थैल्या उचलायला लावणे, याला आम्ही उपचार म्हणत नाही. ब्रिटनमध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचा पेटका 1908 साली नुकसानभरपाईच्या यादीत आला. हाताचे दुखणे कामातून येते, हे तेव्हाच मान्य झाले. आमची मागणी एवढीच आहे: इंजेक्शनसोबत विश्रांती, व्यायाम आणि काही काळ हलके काम. ही मागणी प्रत्येक शाखेने लेखी करावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!