वर्दी कोणी द्यावी?



'कर्नल' म्हटले की फौजेतला अधिकारी डोळ्यांपुढे येतो. आजचा कर्नल तो नव्हे. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या प्रणालीचा जो गाभा, त्यास कर्नल म्हणतात. आणि कीबोर्ड, डिस्क अशा एकेका उपकरणाची भाषा जाणणारा जो दुभाष्या त्या गाभ्यात बसलेला असतो, तो ड्रायव्हर.

आपल्या घोडबंदरचा किल्ला खाडीवर नजर ठेवून उभा आहे. १७३७ साली तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. अशा बंदरावरचा अंमलदार जर घटकेघटकेला धक्क्यावर जाऊन 'गलबत आले काय?' असे पाहू लागला, तर तो दुसरे काम करणार केव्हा? त्यापेक्षा गलबत दिसताच पहारेकऱ्याने घंटा द्यावी आणि अंमलदाराने हातचे काम तेवढ्यापुरते बाजूस ठेवून उठावे, हे शहाणपणाचे. उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या अशा घंटेलाच इंटरप्ट म्हणतात.

ड्रायव्हर कामावर रुजू होताना कर्नलकडे दोन गोष्टी मागतो. पहिली, 'माझ्या घंटेचा क्रमांक कोणता?' दुसरी, 'ती वाजली की मला बोलवा.' दोहोंपैकी कोणत्याही मागणीला नकार मिळू शकतो. मग काय करावे? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे.

१९९१ साली सुरू झालेल्या लिनक्समध्ये पुष्कळ वर्षे चाल अशी होती की, क्रमांक मिळाला नाही तर प्रत्येक ड्रायव्हराने आपापल्या शब्दांत तक्रार लिहावी. कोणी कारण लिही, कोणी लिहीत नसे, कोणी मुळीच बोलत नसे. एकच मजकूर ठिकठिकाणी, आणि तोही निरनिराळ्या तोंडांनी! २०१९ साली कर्नलच्या ५.४ या आवृत्तीत ही वर्दी खुद्द क्रमांक देणाऱ्या कार्यातच घातली गेली. ज्याला नकाराचे कारण ठाऊक, त्यानेच ते एकदा सांगावे. त्यानंतर अनेक ड्रायव्हरांतील त्या ओळी पुसल्या गेल्या.

कोणी म्हणेल, चार ओळी वाचल्या, त्यात एवढे काय? श्रोतेहो, खरी गोम पुढेच आहे. नकार सगळे सारखे नसतात. 'असे काही नाही' हा एक नकार; आणि 'घंटा सांभाळणारा अजून आलेला नाही, थोड्या वेळाने या' हा दुसरा. दुसरे उत्तर मिळाले की कर्नल त्या उपकरणाला पुन्हा संधी देतो. पण कित्येक ड्रायव्हर मिळालेले उत्तर टाकून देत आणि पदरचेच 'उपकरण नाही' असे वर कळवीत. परिणाम? उपकरण धडधाकट, तार धडधाकट, आणि यंत्र मात्र मुके! निरोप्याने निरोप बदलला म्हणजे असेच व्हायचे. म्हणून नियम साधा: आलेले उत्तर जसेच्या तसे वर द्यावे. आणि 'थोड्या वेळाने या' या उत्तरावर ते कार्य वर्दी देत नाही, कारण तो दोष नव्हेच.

दुसरी गोष्ट आवराआवरीची. अर्ध्यावर अडचण आली तर घेतलेले सारे परत करावे लागते, आणि तेही उलट्या क्रमाने. आधी स्मृतीतील जागा परत केली आणि घंटा तशीच राहिली, तर तेवढ्यात ती वाजून हाकेला धावणारा परक्या जागेत पाय ठेवील. सारे यंत्रच कोसळेल. २००७ पासून कर्नल ही नोंद स्वतः ठेवू शकतो व उलट्या क्रमाने सर्व सोडवतो. माणसाच्या विसराळूपणावर भिस्त उरत नाही.

मात्र सुलभता म्हणजे मौन नव्हे. एखादे उपकरण घंटेवाचूनही, अधूनमधून विचारपूस करून चालते. त्याच्यासाठी वर्दी न देणारी निराळी विचारणा ठेवलेली आहे. उलट, एकाच घंटेच्या एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाकांना कोणीच 'माझी' म्हटले नाही, तर कर्नल तसे स्पष्ट नोंदवून ती घंटाच बंद करतो. कोठे बोलावे आणि कोठे गप्प बसावे, हे ठरवणे हीच खरी सुलभता.

दोष लपवू नये, बदलू नये, आणि दहा तोंडांनी सांगू नये. जेथे तो कळला तेथेच एकदा सांगावा आणि जसाच्या तसा वर पोचवावा. रात्री बंद पडलेल्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाला त्या एका खऱ्या ओळीचाच आधार असतो.