राखून ठेवलेली खाट



गेल्या महिन्यात एक गृहस्थ घराचे गहाणखत करून घ्यावयास माझ्याकडे आले. मुलगा बावीस वर्षांचा. हृदयाची झडप निकामी झालेली. मी विचारले, “रुग्णालय धर्मादाय आहे काय?” ते म्हणाले, “पाटीवर तसे लिहिले आहे.” मी गहाणखत केले नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याचे कलम ४१ कक आहे. तदन्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी शंभरांतील १० खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या आहेत. रुग्ण अत्यवस्थ असता दाखल करून घेण्यासाठी अनामत रक्कम मागता येत नाही. ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

मग वर्गणी जमवू नये काय? अवश्य जमवा. येण्याजाण्याचा नि सोबत्याच्या जेवणाचा खर्चही गरिबाला झेपत नाही. परंतु त्याआधी तुमच्यापैकी लिहितावाचता येणाऱ्या एकाने त्या बापाबरोबर जावे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील समाजसेवकास भेटावे. ‘खाट शिल्लक नाही’ असे सांगितले, तर ते लेखी मागावे. लेखी देत नसतील, तर आपणच अर्ज लिहून त्याची पोच घ्यावी. धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करताना तोच कागद उपयोगी पडतो. आमच्या माणसांना कागद मागण्याचा अजून संकोच वाटतो, हे मी वकिलीत रोज पाहतो.

त्या मुलाची शस्त्रक्रिया येत्या सोमवारी आहे. रात्री सोबतीस बसणारे दोघे हवेत. नावे आत्ताच द्यावीत.