गांवानें राखलेलें विद्यापीठ

माद्रिद ही स्पेनची राजधानी. तिच्या आतोचा स्टेशनांतून पूर्वेकडे जाणाऱ्या लोकलगाडींत बसलें, कीं पाऊण तासाच्या आंत अल्काला दे एनारेस नांवाचें स्टेशन येतें. अंतर फार तर तीस-पस्तीस किलोमीटरांचें. वाटेंत कारखाने, गुदामें आणि उंच चाळींसारख्या इमारती यांखेरीज पाहण्यासारखें कांहीं नाहीं; राजधानीच्या आसऱ्यानें वाढलेल्या कोणत्याहि उपनगरांत आपण चाललों आहोंत असेंच प्रवाशाला वाटतें. गांवांत शिरल्यावर मात्र घरांच्या छपरांवरून वर नजर गेली, कीं प्रत्येक मनोऱ्यावर काटक्यांचीं मोठमोठीं घरटीं आणि त्यांत एका पायावर उभे असलेले पांढरे करकोचे दिसूं लागतात. चर्च असो, मठ असो कीं कॉलेज असो, करकोच्यांनीं कोणाचीहि भीड ठेवलेली नाहीं.

गांवाचें नांव अरबी आहे. 'अल्-कलआ' म्हणजे तटबंदीचें ठिकाण. आपला 'किल्ला' हा शब्दहि त्याच घराण्यांतला. अरबांच्या पूर्वीं रोमन लोकांचें कोम्प्लुतुम हें नगर येथें जवळच होतें. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्यावरूनच एक मजेची गोष्ट घडली.

विद्यापीठ स्थापिलें तें कार्डिनल सिस्नेरोस यानें. हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधु, इसाबेला राणीचा धर्मोपदेशक आणि तोलेदोचा आर्चबिशप. १४९९ सालीं पोपची सनद मिळाली आणि १५०८ मध्यें अध्यापन सुरू झालें. विद्यार्थ्यांना कोठें तरी चार खोल्या बांधून द्याव्या, एवढ्यावर त्याचें समाधान नव्हतें. रस्ते, वसतिगृहें, गरीब मुलांसाठीं लहान कॉलेजें, छापखाना अशी सर्व योजना त्यानें एकत्र आंखली. विद्यापीठासाठीं म्हणून आंखलेलें पहिलें नगर, या मुद्द्यावर १९९८ सालीं युनेस्कोनें या गांवाला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें.

सिस्नेरोसची थोरवी पाहावयाची तर त्यानें काढविलेलें अनेकभाषी बायबल पाहावें. हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि अरामी हे पाठ एकाच पानावर शेजारीं शेजारीं. एकूण सहा खंड. ग्रीक नवा करार १५१४ मध्यें छापून तयार झाला, शेवटचा खंड १५१७ मध्यें. परंतु पोपच्या परवानगीवांचून ग्रंथ विकतां येईना. ती मिळेपर्यंत इरॅस्मसनें १५१६ मध्यें आपली ग्रीक आवृत्ति बाजारांत आणून पहिलेपणाचा मान पटकावला. सिस्नेरोस तर १५१७ च्या नोव्हेंबरांत निवर्तला होता. पण याच पुरुषाची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. विद्यापीठाची सनद आली त्याच सुमारास ग्रानादा येथें त्यानें मुसलमानांना सक्तीनें बाटविलें, आणि त्यांच्या अरबी ग्रंथांची भर चौकांत होळी केली. वैद्यकावरचे ग्रंथ तेवढे वेगळे काढले आणि ते अल्कालाला पाठविले! ज्या हातानें एक ग्रंथालय उभारलें त्याच हातानें दुसरें जाळलें.

मुख्य कॉलेज सान इल्देफोन्सो याची दर्शनी भिंत रोद्रिगो जिल दे ओन्तान्योन या स्थपतीची. १५३७ ते १५५३ या काळांत ती झाली. तिच्यावर दगडांत कोरलेली एक जाड दोरी दिसते. फ्रान्सिस्कन साधूंच्या कमरेची ती दोरी; संस्थापकाची खूण. मूळची इमारत मात्र साधी, माती-विटांची होती. फर्नांदो राजानें त्या भिंतींना नांवें ठेविलीं, तेव्हां सिस्नेरोस म्हणाला कीं आपण मर्त्य माणूस, आपल्याला घाई आहे. पुढचे लोक संगमरवर आणतील, अशी आख्यायिका आहे. आंतल्या पहिल्या चौकांत तोच भाव लॅटिनमध्यें कोरला आहे: एके काळीं मातीचें, तें आतां संगमरवरी. खरें पाहूं गेल्यास चौक ग्रॅनाइटचा आहे. पण अभिमानाला एवढी सूट द्यावयास हरकत नाहीं.

आंतल्या सभागृहाचें लाकडी रंगीत छत मुसलमान कारागिरांच्या परंपरेंतलें आहे. ग्रंथांची होळी करणाराच्या कॉलेजांत तें असावें, हा योग विलक्षण खरा. पदवीची परीक्षा येथें होई. नापास झालेल्याला गाढवांच्या दारानें बाहेर काढीत, असें वाटाडे सांगतात. स्पॅनिश भाषेचें पहिलें व्याकरण १४९२ मध्यें लिहिणारा नेब्रिहा येथेंच शिकवीत होता. १७८५ सालीं मारिया इसिद्रा दे गुस्मान या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलीला, राजाच्या खास परवानगीनें, येथें डॉक्टरची पदवी मिळाली.

असें हें विद्यापीठ १८३६ मध्यें सरकारनें माद्रिदला हलविलें. राजधानीला स्वतःचें विद्यापीठ हवें होतें आणि तें जवळच तयार होतें. प्राध्यापक गेले, विद्यार्थी गेले, पुस्तकें गेलीं. ज्या गांवाची खानावळ, शिंपीकाम, पुस्तकविक्री, किंबहुना घरभाडें सुद्धां विद्यार्थ्यांवर चाले, त्याचे रस्ते ओस पडले. पुष्कळ कॉलेजांत बराकी आल्या, कांहींचे तुरुंग झाले. सान इल्देफोन्सोची इमारत लिलावांत खाजगी मालकाच्या हातीं गेली, आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जातां जातां तिचा कांहीं भाग पाडण्याचें काम सुरू झालें. दगड हलूं लागले, तेव्हां गांव जागें झालें.

१८५० सालच्या अखेरीस गांवकऱ्यांनीं एक मंडळी काढली. किंमत ठरली नव्वद हजार रेआल. तिचे प्रत्येकीं शंभर रेआलचे नऊशें भाग पाडले, आणि लोकांनीं ते आपापल्या ऐपतीप्रमाणें घेतले. त्यांच्यापुढें विद्यापीठ परत येण्याची आशा कांहींच नव्हती. रिकामी वास्तु विकत घ्यावयाची, तिचीं छपरें शाकारावयाचीं, आणि वाट पाहावयाची, एवढाच हा व्यवहार. नफ्याच्या दृष्टीनें याहून वेडा व्यवहार शोधून सांपडणार नाहीं. या मंडळीचें नांवच 'सहमालकांची संस्था' असें आहे. पुढें कांहीं काळ त्या चौकांत शाळा भरे. सहमालकांच्या कित्येक पिढ्या वाट पाहण्यांतच संपल्या.

मध्यंतरीं यादवी युद्ध आलें. सर्व्हान्तेसचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्यें ९ ऑक्टोबर १५४७ रोजीं झाला, तें सांता मारिया १९३६ मध्यें उद्ध्वस्त झालें; आज त्याचा मनोरा आणि एकदोन प्रार्थनाघरें तेवढीं उभीं आहेत. १९३९ मध्यें आर्चबिशपच्या वाड्याला आग लागून त्यांत ठेवलेलें सरकारी दप्तर खाक झालें. सान इल्देफोन्सो मात्र वांचलें. १९७७ मध्यें अल्कालाला पुन्हां विद्यापीठ मिळालें, म्हणजे एकशें एकेचाळीस वर्षांनीं. बराकी आणि तुरुंग यांचे एकेक करून वर्ग व ग्रंथालयें होऊं लागलीं. अडचण निघाली ती नांवाची! कोम्प्लुतुमवरून आलेलें 'कोम्प्लुतेन्से' हें जुनें बिरुद माद्रिदच्या विद्यापीठानें आधींच धारण केलें होतें. तें कांहीं परत मिळालें नाहीं. नवें विद्यापीठ आपल्याला नुसतें अल्कालाचें विद्यापीठ म्हणवितें. मुख्य इमारत अजून सहमालकांच्या संस्थेचीच आहे. विद्यापीठ तेथें भाडेकरू आहे.

दर वर्षीं २३ एप्रिलला राजघराण्याच्या उपस्थितींत त्या जुन्या सभागृहांत सर्व्हान्तेस पारितोषिक दिलें जातें. स्पॅनिश साहित्याचा याहून मोठा मान नाहीं. ज्याच्या नांवें हा समारंभ होतो तो न्हावी-वैद्याचा मुलगा याच गांवीं जन्मला, चार वर्षांचा असतांनाच घरच्यांबरोबर दुसरीकडे गेला, आणि या विद्यापीठांत तो शिकल्याचा पुरावा नाहीं. त्याचें घर म्हणून दाखवितात तें मुख्य रस्त्यावर आहे. दारासमोर बांकावर डॉन क्विक्झोट आणि सांचो यांचे पुतळे बसविले असून त्यांच्या मधल्या जागेंत पाहुणे येऊन बसतात, फोटो काढतात.

रस्त्याला दोहोंकडे खांबांची ओसरी आहे. पावसाळ्या दिवशींहि बाजार कोरड्या पायानें करतां येतो. परत स्टेशनाकडे निघण्यापूर्वीं विद्यापीठासमोरच्या सान दिएगो मठाकडे एक फेरी टाकावी. तेथल्या जोगिणींचे साखरेंत घोळलेले बदाम प्रसिद्ध आहेत. जोगीण दिसत नाहीं. भिंतींत लांकडी फिरतें कपाट आहे. त्यांत पैसे ठेवावे, आंतून आवाज येतो, कपाट फिरतें, आणि बदामांचा पुडा समोर येतो.