रमा नावाच्या तिघी

पारनेरकडं गटाच्या कर्जाचे फॉर्म भरताना आम्ही व्यवसाय विचारला. रमा नावाच्या एक ताई म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते."

आम्ही त्यांना त्यांच्याच नावाच्या तिघी सांगितल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. रमाबाई रानडे लग्नानंतर अक्षरं शिकल्या, घरातल्या बायकांची बोलणी सोसली. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. रमाबाई आंबेडकरांनी संस्था काढली नाही. बाबासाहेब परदेशात शिकत होते, तेव्हा त्यांनी हलाखीत घर तगवलं, पोटची लेकरं गमावली. पुढं बाबासाहेबांनी त्यांच्या आठवणीला एक ग्रंथ अर्पण केला.

त्याही घरीच होत्या. ते काम नव्हतं का?

ताईंनी लिहिलं: शेळीपालन, शिवणकाम. तुम्हीही आपलं काम लिहा, बायांनो.